मेमरी पुरत नव्हती तेव्हा

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्याच्या हातात सुरुवातीला जो आर्डुइनो उनो बोर्ड येतो, त्यावरच्या एटीमेगा३२८ चिपमध्ये प्रोग्राम ठेवायला ३२ किलोबाइट जागा असते. दिवे लुकलुकवण्याचे प्रयोग संपून खरा प्रकल्प सुरू झाला, की ही जागा भरू लागते आणि ‘कोड बसत नाही’ ही तक्रार ऐकू येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेल्या टिफरॅक या संगणकाची सगळी मुख्य मेमरी मात्र फक्त १० किलोबाइट भरेल इतकी होती, आणि त्यावर देशातले शास्त्रज्ञ आपली गणिते सोडवत होते. या दोन टोकांच्या मध्ये महाराष्ट्रातल्या संगणनाचा एक इतिहास आहे. मोठी यंत्रे, मोठ्या कंपन्या आणि मोठे करार यांच्या कहाणीत तो झाकला जातो. तुटपुंज्या जागेत काम बसवण्यासाठी माणसांनी ज्या युक्त्या केल्या, त्यांचा हा इतिहास आहे. तो क्रमाने पाहिला की या युक्त्यांचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. काही युक्त्यांनी प्रश्न नीट समजून घेऊन जागा वाचवली, आणि त्या आजही टिकून आहेत. काहींनी एखादे गृहीतक गुपचूप आत दडवून जागा वाचवली, आणि त्यांची किंमत पुढच्या पिढीला चुकवावी लागली. मेमरीच्या टंचाईने नेमके काय शिकवले, हे या फरकावरूनच ठरते.

टिफरॅकची सुरुवात १९५०च्या दशकाच्या मध्याला झाली. डॉ. होमी भाभा यांच्या संस्थेला संशोधनासाठी वेगवान आकडेमोड हवी होती. परदेशी यंत्र विकत घ्यायचे तर परकीय चलन लागणार, आणि ते मोजून-मापून मिळत असे. शिवाय यंत्र कसे बांधतात हे ज्ञान देशात यावे, हाही हेतू होता. अमेरिकेत गणितात डॉक्टरेट करून परतलेले रं. नरसिंहन या कामात आले. सोबतचे बहुतेक तरुण पदार्थविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले होते. संगणक बांधण्याचा अनुभव त्यांना नव्हता. त्यांनी आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र उभे केले. ते १९५६ मध्ये चालू झाले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र कामाला लागले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६२ मध्ये त्याला ‘टिफरॅक’ हे नाव मिळाले. मेमरी होती २,०४८ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. फेराइटची एकेक बारीक कडी एकेक बिट धरून ठेवत असे; म्हणजे तारांच्या जाळीत ओवलेल्या ८१,९२० कड्या. प्रोग्राम आणि त्याला लागणारे आकडे, दोन्हींना याच जागेत राहायचे होते. प्रोग्राम लांबला की आकड्यांची जागा कमी होणार, आकडे वाढले की प्रोग्राम आखडावा लागणार.

अशा यंत्रावर काम करणाऱ्याला आपल्या प्रश्नाचे गणित आधी कागदावर सोलून काढावे लागे. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत लिहायचा, कागदी फितीवर छिद्रे पाडून आत द्यायचा आणि उत्तर टेलिप्रिंटरवर घ्यायचे, असा क्रम होता. वर्गमूळ किंवा त्रिकोणमितीचे फल पुन्हा पुन्हा लागत असेल, तर त्याच्या आज्ञा प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहिणे परवडत नसे. त्या एकदाच लिहायच्या आणि लागेल तेव्हा तिकडे उडी मारून परत यायचे. या तुकड्याला सबरूटीन म्हणतात. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर डेव्हिड व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत पक्की केली होती आणि १९५१ मध्ये त्यांचे पुस्तकही आले होते. सबरूटीनने जागा वाचली हे खरेच, पण तिचा मोठा लाभ वेगळा होता. एकदा नीट तपासलेला तुकडा सगळ्यांना वापरता येऊ लागला, आणि चूक सापडली तर ती एकाच ठिकाणी दुरुस्त करता येऊ लागली. जागेची निकड संपल्यावरही सबरूटीन टिकली. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकन बनावटीचे सीडीसी ३६०० हे कितीतरी मोठे यंत्र आले, फोरट्रान भाषा आली, टिफरॅक मागे पडला. पण प्रोग्रामची विभागणी करण्याची शिस्त तशीच पुढे चालू राहिली.

ही शिस्त प्रयोगशाळेतून सामान्य विद्यार्थ्यापर्यंत यायला मात्र वीस वर्षे लागली. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. इंटेलने १९८० मध्ये ८०५१ ही मायक्रोकंट्रोलर चिप बाजारात आणली. प्रोग्रामसाठी ४ किलोबाइट आणि चालू आकड्यांसाठी १२८ बाइट एवढी मेमरी तिच्या पोटातच होती. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. आणि १९८४ च्या अखेरीस केंद्राने नवे संगणक धोरण आणून आयातीची वाट बरीच मोकळी केली. नाशिकमध्ये क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय याच वर्षी सुरू झाले. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे भाग, स्विचगिअर, विजेची उपकरणे बनत होती. यंत्रांना लहान नियंत्रक जोडण्याची गरज तिथे डोळ्यांसमोर होती. नाशिकची महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती, आणि त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखांत ८०५१ हा अनेक वर्षे मायक्रोकंट्रोलरच्या अभ्यासाचा पाया राहिला. सुरुवातीला प्रोग्राम बाहेरच्या ईप्रॉम चिपवर ठेवावा लागे. एक अक्षर चुकले तरी ती चिप काढायची, तिच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश देत पंधरा-वीस मिनिटे पुसायची आणि पुन्हा बर्न करायची. १९९०च्या दशकात अ‍ॅटमेलची एटी८९सी५१ आली, विजेनेच पुसता येऊ लागले आणि चुका स्वस्त झाल्या. जागा मात्र तेवढीच, ४ किलोबाइट. तिचेच धाकटे, वीस पायांचे रूप असलेल्या एटी८९सी२०५१ मध्ये तर निम्मीच.

त्या ४ किलोबाइटमध्ये काम कसे बसवत, हे एका साध्या उदाहरणावरून कळते. सेव्हन सेगमेंट डिस्प्लेवर ० ते ९ अंक दाखवायचे आहेत. नवशिका विद्यार्थी प्रत्येक अंकासाठी वेगळी तुलना लिहितो: शून्य असेल तर हे दिवे लाव, एक असेल तर ते लाव. ८०५१ च्या भाषेत अशा प्रत्येक तुलनेला तीन बाइट, दिव्यांचा आकडा उचलायला दोन आणि परतायला एक लागतो. म्हणजे अंकामागे सहा आणि दहा अंकांचे साठ. जाणता विद्यार्थी दहा बाइटांचा तक्ता करतो. शून्यासाठी ३एफ, एकासाठी ०६, दोनासाठी ५बी, असे ते दहा आकडे असतात. अंक हाच तक्त्यातला क्रमांक मानून तिथला आकडा उचलायला पाच बाइट पुरतात. साठाचे काम पंधरात झाले, आणि वाचणाऱ्यालाही ते आधीपेक्षा स्पष्ट समजते. अशा वाटा आणखीही होत्या. सबरूटीन जवळ, २ किलोबाइटच्या एकाच पट्ट्यात असेल तर तीन बाइटांच्या आज्ञेऐवजी दोन बाइटांची चालते. ‘मोटर चालू की बंद’ एवढेच लक्षात ठेवायचे तर अख्खा बाइट न दवडता एक बिट पुरतो. ८०५१ मध्ये असे १२८ बिट वेगवेगळे वापरता येतात. सी भाषेत लिहिणाऱ्यांना आणखी एक मर्यादा भेटे. कायल या कंपनीच्या कंपायलरची मोफत आवृत्ती २ किलोबाइटच्या पुढचा प्रोग्राम स्वीकारत नसे. चिपमध्ये ४ किलोबाइट असूनही विद्यार्थ्याला निम्म्यातच भागवावे लागे, आणि एकट्या ‘प्रिंटएफ’ने त्यातला मोठा वाटा खाल्ला की तो साधी, आपल्यापुरती आकडा-छपाई हाताने लिहायला शिके.

मराठी माणसासाठी या टंचाईची खरी परीक्षा लिपीत होती. इंग्रजीची अक्षरे मोजकी आणि सुटी असतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे मिळून आकार तयार होतो. छोट्या चिपला जोडलेल्या पडद्यावर प्रत्येक अक्षर १६ बाय १६ ठिपक्यांत काढायचे ठरवले, तर एका आकाराला ३२ बाइट लागतात. क्ष आणि ज्ञ धरून ३६ व्यंजनांची पूर्ण बाराखडी चित्ररूपाने साठवली तर ४३२ आकार होतात आणि १३,८२४ बाइट लागतात. ८०५१ च्या पोटातल्या जागेच्या हे तिप्पट झाले, आणि जोडाक्षरे अजून बाहेरच आहेत. आता हाच प्रश्न लिपीच्या रचनेतून पाहू. ३६ व्यंजने, १२ स्वर आणि ११ चिन्हे वेगवेगळी ठेवली तर ५९ आकार, म्हणजे १,८८८ बाइट होतात. ‘की’ हे चित्र साठवायचेच नाही. दाखवताना क काढायचा आणि त्यावर दीर्घ वेलांटी चढवायची. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण कागदावर आधी, रफार वर चढतो, काही व्यंजने अर्धी होतात. या नियमांसाठी प्रोग्रामची थोडी जागा खर्च होते. तरीही हिशेब स्पष्ट आहे. लिपीचे व्याकरण जाणणारा प्रोग्राम थोडक्यात भागवतो, आणि चित्रांची भरताड करणारा बसतच नाही.

हा विचार मोठ्या प्रमाणावर पुण्यात प्रत्यक्षात आला. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या गटात भारतीय लिप्यांच्या संगणनाचे काम सुरू झाले होते. मोहन तांबे हे त्यातले प्रमुख नाव. १९८८ मध्ये पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक उभे राहिले, आणि तांबे यांच्यासह हे काम तिथे आले. त्यातून जिस्ट कार्ड विकसित झाले. पर्सनल कॉम्प्युटरमध्ये ते बसवले की मूळ इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्राम भारतीय लिप्यांत चालू लागत. त्यामागचे तत्त्व असे, की फाइलमध्ये फक्त उच्चारक्रमाने व्यंजन आणि चिन्ह यांचे सांकेतिक क्रमांक ठेवायचे. जुळणी पडद्यावर दाखवताना करायची. हेच तत्त्व इस्की या संकेतप्रणालीत होते आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला राष्ट्रीय मानक केले. इस्कीत एका चिन्हाला एक बाइट लागतो. ‘नाशिक’ हा शब्द न, काना, श, वेलांटी, क अशा पाच बाइटांत मावतो. रोमन लिपीत त्याच नावाला सहा लागतात. आपली लिपी संगणकाला जड जाते, हा समज इथेच खोटा ठरतो. पुढे युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ रीतीत तोच ‘नाशिक’ पंधरा बाइट घेतो, आणि जगातल्या सगळ्या लिप्या एकत्र नांदण्यासाठी ही किंमत मोठ्या संगणकांना परवडते. पण साठवायचा उच्चारक्रम आणि काढायचे चित्र, ही पुण्यात घट्ट झालेली विभागणी आजच्या मोबाइलमध्येही तशीच आहे. जागेच्या निकडीतून पुढे आलेला विचार जागा मुबलक झाल्यावरही टिकला, कारण तो लिपीच्या स्वभावाला धरून होता.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रेया गावी आर्डुइनोचा जन्म झाला, आणि हौशी माणसासाठी दारे उघडली. प्रोग्रामर यंत्र वेगळे घ्यायला नको, असेंब्ली शिकायला नको. यूएसबीची तार जोडली की काम सुरू. २०१० मध्ये आलेल्या उनोमध्ये ३२ किलोबाइटची फ्लॅश, २ किलोबाइटची रॅम आणि १ किलोबाइटची ईईप्रॉम आहे. फ्लॅशमधला अर्धा किलोबाइट बूटलोडर घेतो. आता जुना प्रश्न नव्या रूपात आला. सोय म्हणून तयार लायब्ररी जोडल्या जातात, आणि दोन-तीन लायब्ररींनी जागा भरते. दशांश अपूर्णांकांचे गणित करायला या चिपमध्ये वेगळी सोय नाही. ते करणारा कोड प्रोग्राममध्येच येतो. म्हणून तापमान २७.५ अंश असे अपूर्णांकात न ठेवता २७५ असे पूर्णांकात ठेवायचे आणि छापताना टिंब द्यायचे, ही युक्ती कामाला येते. पडद्यावर दाखवायची वाक्ये फ्लॅशमध्ये असतातच, पण चिप चालू होताच त्यांची प्रत रॅममध्येही जाते. ती टाळायची तर वाक्याभोवती ‘एफ’ हे एक अक्षर आणि कंस लिहायचा, म्हणजे वाक्य फ्लॅशमधूनच वाचले जाते. कुठली वस्तू कुठल्या मेमरीत राहते हे माहीत नसेल, तर कंपायलर ‘जागा आहे’ म्हणत असताना बोर्ड मध्येच अडकतो, आणि विद्यार्थी तारांमध्ये दोष शोधत बसतो.

नाशिकला या विद्येचे महत्त्व प्रयोगशाळेबाहेरही कळले. ऑगस्ट २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाजवळच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. गर्दी कुठे दाटते आहे हे वेळेत कळले असते तर काय झाले असते, हा प्रश्न शहराच्या मनात राहिला. २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ ही चळवळ उभी राहिली. स्थानिक विद्यार्थी, डॉक्टर, प्रशासन आणि परदेशी संशोधक एकत्र बसून मेळ्याचे प्रश्न सोडवू लागले. त्यातून ‘आशिओतो’ हा प्रकल्प निघाला, आणि तो नाशिकच्या शाळकरी वयाच्या नीलय कुलकर्णीने जगासमोर मांडला. रस्त्यावर अंथरलेल्या चटईवरून लोक चालत जातात, दाबावरून पावले मोजली जातात आणि गर्दीचा आकडा पुढे पाठवला जातो. यात एक मोठा निर्णय दडलेला आहे. चेहरे टिपायचे नाहीत, चित्रे साठवायची नाहीत, फक्त मोजायचे. तीन कोटींपर्यंतची मोजदाद करायला चार बाइट पुरतात, तर एकाच छायाचित्राला लाखो लागतात. नेमकी कुठली माहिती हवी हे आधी ठरवले, की मेमरीचा प्रश्न निम्मा सुटतो, आणि भाविकांची खासगी माहितीही आपोआप सुरक्षित राहते.

पण मोजणीतच दुसऱ्या प्रकारच्या काटकसरीचा धोकाही दिसतो. उनोवर ‘इंट’ प्रकारच्या चलाला दोन बाइट मिळतात आणि तो ३२,७६७ पर्यंतच मोजू शकतो. पुढचे पाऊल पडले की आकडा उणे ३२,७६८ होतो. घरात येणारी-जाणारी माणसे मोजताना हे कधीच दिसणार नाही. पर्वणीच्या दिवशी काही तासांत दिसेल. दोन बाइट जास्त देऊन ‘लाँग’ वापरले तर २१४ कोटींपर्यंत चिंता नाही. म्हणजे वाचवलेले दोन बाइट प्रत्यक्षात एका न लिहिलेल्या गृहीतकाची किंमत होते: ‘एवढी माणसे येणार नाहीत.’ जगाने याचाच भव्य अवतार १९९९ मध्ये पाहिला. ८० स्तंभांच्या पंचकार्डांच्या काळापासून वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवण्याची रीत पडली होती. शतक बदलताना बँका, विमा कंपन्या आणि सरकारे यांना जुने प्रोग्राम ओळ न् ओळ तपासावे लागले. त्या कामावर भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाची मोठी वाढ झाली, ही आपल्या बाजूने चांगली गोष्ट. पण त्या खर्चाचे मूळ जागा वाचवण्याच्या एका सवयीत होते. तक्ता, सबरूटीन आणि लिपीची जुळणी यांनी प्रश्नाचा आकार ओळखला होता. दोन अंकी वर्षाने प्रश्नाचा एक भाग नाकारला होता.

यावर पहिला आक्षेप असा, की आता हे सारे कालबाह्य आहे. २०१६ पासून मिळणाऱ्या ईएसपी३२ चिपच्या साध्या बोर्डवर ४ मेगाबाइट फ्लॅश असते, उनोच्या १२८ पट. मग बाइट मोजण्यात तरुणांचा वेळ का घालवावा? हा आक्षेप हौशी प्रकल्पापुरता बराचसा रास्त आहे. एका बोर्डसाठी आठवडाभर डोके खाजवण्यापेक्षा मोठी चिप घेणे शहाणपणाचे. पण वस्तू कारखान्यात जाते तेव्हा हिशेब बदलतो. चिपमागे दहा रुपये वाचले, तर लाख नगांमागे दहा लाख वाचतात. बॅटरीवर महिनोन् महिने चालायच्या उपकरणाला छोटी, कमी वीज पिणारी चिपच लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: टंचाईचे कौतुक करणे म्हणजे परवाने, परकीय चलनाचे कोटे आणि उशिरा आलेले तंत्रज्ञान यांचे कौतुक करणे. हे मान्यच केले पाहिजे. टंचाईने अनेक हुशार मुलांची वर्षे वाया गेली आणि ती कधीच परत येणार नाहीत. टंचाई स्वतः काही शिकवत नाही. तिच्यातून मार्ग काढणाऱ्यांनी जे लिहून ठेवले, वाटून दिले आणि तपासून पाहिले, त्याने शिकवले. तिसरा आक्षेप म्हणजे अशा युक्त्यांनी कोड अगम्य होतो. काही युक्त्यांनी तो होतो, यात शंका नाही. म्हणूनच ज्या युक्तीनंतर प्रोग्राम आधीपेक्षा सोपा वाचता येतो ती ठेवावी. जी वापरताना ‘इथे हे गृहीत धरले आहे’ असे लिहावे लागते, ती ठळक लिहूनच वापरावी.

२०२७ मध्ये नाशिकला पुन्हा सिंहस्थ आहे. गर्दी, पाणी, स्वच्छता, वाहतूक यांसाठी छोटी उपकरणे बनवण्याची संधी शहरातल्या विद्यार्थ्यांना पुन्हा मिळेल, आणि या वेळी चिप मोठ्या असतील, स्वस्त असतील. त्यांच्या शिक्षकांनी एक सत्र तरी त्यांना २ किलोबाइटच्या मर्यादेत काम करायला लावावे. नेमके काय साठवायचे आहे, ते कुठे राहील, आणि आपण गृहीत धरलेला आकडा ओलांडला गेला तर काय होईल, हे तीन प्रश्न अपुऱ्या जागेत टाळता येत नाहीत. मुबलक जागेत ते विचारायची सवय आपण होऊन लावून घ्यावी लागते. ज्या उपकरणाच्या आकड्यावर पोलीस एखादा रस्ता बंद करणार आहेत, त्याच्या कर्त्याला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पाठ असली पाहिजेत.